रिकाम्या बाटलीत तेल भरलं तर चालतं का?

मी सौंदर्यप्रसाधनांच्या तपासणीचं काम करते हे कळलं की बायका हमखास विचारतात, "घरी केलेलं तेल, गुलाबपाणी शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीत भरलं तर चालतं का गं? तळाशी त्रिकोणात 5 असलं म्हणजे सेफ ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या आकड्यावरून बाटली कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे एवढंच कळतं. 1 म्हणजे पेट, 2 एचडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन. 1988 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने हे आकडे आणले ते कचऱ्यातलं प्लास्टिक निवडायला सोपं जावं म्हणून. तुम्ही आत काय भरणार, यावर ते काहीच सांगत नाहीत.

खरा प्रश्न भरलेल्या मालाचं आणि प्लास्टिकचं जमतं का, हा. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळून बघा, थेंब पडतील तिथे खड्डे पडतात. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिकच, आणि सालीच्या तेलातलं लिमोनीन हे द्रव्य ते विरघळवतं; काचेला मात्र काही करत नाही. म्हणून संत्रं, लिंबू, निलगिरी असली तेलं मी काचेतच ठेवायला सांगते. नेलपॉलिशमधली द्रावकंही अशीच आडदांड, ते काचेत येतं त्याचं हे एक कारण. उलट खोबरेल एचडीपीईच्या निळ्या बाटलीत वर्षानुवर्षं सुखाने विकलं जातंय.

आणि हा व्यवहार दोन्हीकडून चालतो. प्लास्टिकमधली काही द्रव्यं तेलात, अल्कोहोलमध्ये हळूहळू उतरतात, उन्हात जास्तच. तसंच मालातला सुगंध आणि कधीकधी चक्क प्रिझर्व्हेटिव्हही प्लास्टिकमध्ये मुरतं. मग क्रीम दिसायला ठीक, पण बुरशीपुढे लेचंपेचं. म्हणून आम्ही एकच लोशन काचेत आणि ठरलेल्या बाटलीत भरून 40 अंशांवर तीन महिने ठेवतो आणि वजन, रंग, वास ताडून बघतो. लोक बाटलीकडे बघतात. मी आधी झाकण उघडून आतला वायसर बघते, कारण माल त्यालाही लागतो. युरोपात 2013 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सुरक्षा अहवालात पॅकिंगचीही माहिती द्यावी लागते.

एचडीपीईच्या बाटलीवर 'बीपीए-मुक्त' छापलेलं दिसलं की मला हसू येतं. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिण्यातलाच प्रकार! बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन; ते येतं पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमधून, पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सीच्या लेपातून. एचडीपीईत ते वापरतच नाहीत.

तर खोबरेलच्या बाटलीत खोबरेल खुशाल भरा, फक्त ती आतून कोरडी हवी. शॅम्पूच्या बाटलीत तेल नको. शॅम्पूचा वास प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, कितीही विसळा. घरच्या गुलाबपाण्याला प्लास्टिकपेक्षा जंतूंची भीती जास्त. ते उकळून वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा आणि थोडं थोडंच करा.