गैरहजर, समुद्रावर

मालवणकडच्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ऑक्टोबरातली सकाळ होती. साडेदहाला जेटीवरून टेम्पो आला, मागे जाळ्यांवर आडवा केलेला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पन्नाशीतला. बायको धावत पुढे आली. "बाई, ह्येंचा तोंड वाकडा झाला. वारा गेला वाटता."

उजवा हात उचलेना, शब्द ओठातच अडकत होते. प्रेशर 210/120. एकीकडे 108 ला फोन लावत मी विचारलं, कधीपासून? बरोबरचा खलाशी म्हणाला, "पहाटे तीनाक सुकाणू सुटला हातातसून. आमका वाटला झोप इली."

साडेसात तास. पक्षाघातात मेंदूतल्या रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर पाहून. त्याची वेळ बोट समुद्रात असतानाच संपली होती.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. तिशीपुढच्या प्रत्येकाचं प्रेशर आणि साखर आम्ही तपासतो. त्याच्या बायकोची ओळ पूर्ण भरलेली. त्याच्यापुढे दोनदा, माझ्याच अक्षरात: 'गैरहजर, समुद्रावर'. पानं उलटत गेले. अख्ख्या वाडीत तेच. मी अकराला घरोघर फिरायचे आणि पुरुष तेव्हा बोटीवर. गावात बायकांनाच प्रेशर जास्त, असं मी बैठकीत सांगितलंसुद्धा होतं. ते आठवून फार वाईट वाटलं.

देशात 1990 साली एकूण मृत्यूंपैकी 15.2 टक्के हृदयविकार, पक्षाघात अशा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे होते, 2016 मध्ये 28.1 टक्के. पंजाब, केरळ, तामिळनाडूत हृदयविकार जास्त, बंगाल-ओडिशाकडे पक्षाघात. हे प्रशिक्षणापासून मला पाठ आहे. पण राज्यांच्या तक्त्यात खलाशाचा रकाना नसतो, तो माझ्या रजिस्टरातच भरायला हवा होता.

दुसऱ्या आठवड्यापासून मी पहाटे, बोटी लागायच्या वेळी, मशीन घेऊन जेटीवर जाते. पहिल्याच माणसाचं 180/110 निघालं. "माका तर काय्येक होना नाय," तो म्हणाला. तंबाखू मळत होता. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे घरी सापडतात. उरलेली नावं तेव्हा भरते. गोळ्या मात्र महिन्याच्या एकदम देते, बोटीवर न्यायला.

तांडेल डाव्या हाताने जेवतो. मुलगा आता बोटीवर जातो. तो चोवीस वर्षांचा, यादीत बसत नाही. त्याचंही प्रेशर मी शेवटच्या पानावर लिहून ठेवते.