कृष्णधवल रोल धुवून हाताने प्रिंट काढायला निघालात तर

डोंगरातल्या भटकंतीत काढलेले कृष्णधवल रोल घेऊन मी मुद्दाम अशा लॅबमध्ये गेलो, जिथे अजून डार्करूम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत हाताने प्रिंट काढायची सोय, चालू आहे. रोल कुरिअरनेही पाठवता आले असते. पण प्रिंट निघताना शेजारी उभं राहायचं होतं, आणि ज्यांना जमेल त्यांनी निदान एकदा तरी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

विमानाने जाणार असाल तर न धुतलेले रोल चेक-इनच्या सामानात टाकू नका. तिथल्या स्कॅनरचे क्ष-किरण तीव्र असतात, फिल्म धुरकटते. हातातल्या बॅगांसाठीही आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि तेही फिल्मला बाधतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच ‘हाताने तपासा’ अशी विनंती करा. माझी लगेच मान्य झाली, पण सगळीकडे होईलच असं नाही.

लॅबमध्ये गेल्यावर पहिलं विचारायचं ते प्रोसेसचं. एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्ससारख्या फिल्मवर चित्र चांदीचं असतं. असा रोल रंगीत फिल्मच्या सी-४१ मशीनमध्ये गेला, तर तिथली रसायनं ती चांदीच काढून टाकतात आणि कोरी पट्टी हाती येते. एक्सपी२ सुपर मात्र कृष्णधवल असूनही सी-४१साठीच बनवलेली आहे. म्हणून फिल्मचं नाव तोंडी सांगाच, शिवाय पाकिटावरही लिहा.

त्याच पाकिटावर कोणत्या आयएसओला, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील धरून, फोटो काढलेत तेही हवं. एचपी५ ४०० ला वापरली असेल तर आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात), पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं लागतात. १६०० ला वापरली असेल तर १४. फरक जवळपास दुपटीचा आहे. अख्खा रोल एकत्र धुतला जातो, त्यामुळे मधेच आयएसओ बदलू नये. डब्यातून काढल्या काढल्या रोलवरच मार्करने आकडा लिहावा.

धुतलेली फिल्म उजेडासमोर धरून बघा. कुठे दुधाळ डाग दिसले तर फिक्सिंग, म्हणजे उरलेली प्रकाशसंवेदी चांदी काढून चित्र पक्कं करणं, अपुरं राहिलंय. तिथल्या तिथे पुन्हा फिक्स करायला सांगितलं की बहुधा काम होतं. मग थेट प्रिंट न मागता आधी काँटॅक्ट शीट काढून घ्या. अख्खा रोल एका कागदावर दिसतो आणि कोणती फ्रेम मोठी करायची हे शांतपणे ठरवता येतं. भिंग सोबत असू द्या.

खरी मजा एनलार्जरपाशी, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रापाशी. माझ्या एका फ्रेममध्ये खाली डोंगराचा काळा कडा आणि वर ढग होते. टेस्ट स्ट्रिपवर, म्हणजे वेगवेगळा वेळ प्रकाश देऊन बघायच्या कागदाच्या पट्टीवर, जेवढ्या वेळात कडा नीट आला तेवढ्यात आकाश पांढरंफटक होतं. प्रिंट काढणाऱ्या दादांनी आधी सगळ्या कागदाला एक्स्पोजर दिलं, मग भोक पाडलेला पुठ्ठा दिव्याखाली धरून फक्त आकाशाला जास्तीचं. हात सतत हलता, नाहीतर भोकाच्या काठाची रेघ उमटते. कागद डेव्हलपरमध्ये गेला, आधी कडा वर आला आणि मग हळूहळू ढगांच्या पोटातल्या सावल्या भरत गेल्या. निगेटिव्हमध्ये हे सगळं होतंच, कुणीतरी ते मागायला हवं होतं. ‘चांगले प्रिंट काढा’ एवढंच सांगू नका. ढग हवेत की कडा, सावलीत तपशील हवा की गडद काळं, हे स्पष्ट बोला. बरा कारागीर अशा गिऱ्हाइकावर खूश होतो.

कागदाचंही आधी ठरवा. आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद मिनिटांत धुतला जातो, लवकर वाळतो आणि काँटॅक्ट शीटला उत्तम. फायबर, म्हणजे असा थर नसलेला कागद भरपूर वेळ धुवावा लागतो, वाळताना मुडपतो, वाळल्यावर थोडा गडदही होतो. पण भिंतीवर लावायच्या प्रिंटसाठी मी तोच घेईन. तो हवा असेल तर परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. निगेटिव्ह मात्र निघताना मागून घ्याच. काही लॅब फक्त स्कॅन देतात आणि निगेटिव्ह टाकून देतात, त्यामुळे हे रोल देतानाच बोलून ठेवलेलं बरं.