दोन्हीकडे सिंह

ते पाच रुपये मला मंगळवार बाजारात सुट्ट्यात आले. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला दिले, तर त्यानं उलटंपालटं करून नाणं परत माझ्या हातावर ठेवलं. "साहेब, आकडाच नाही की ह्याच्यावर!"

खरंच नव्हता. एका बाजूला सिंह, उठावदार. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत गेलेले, आणि 'भारत' आरशात दिसावं तसं उलटं. पाचाचा आकडा नाही की साल नाही.

नाणी जमवणारा एक मित्र आहे, त्याचे डोळेच चमकले. "ब्रॉकेज!" टांकसाळीत कधीतरी छापलेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं. पुढची कोरी चकती येते आणि तिच्यावर साच्याऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच ठसा बसतो. पण त्यानं लगेच विश्वास ठेवला नाही. दोन नाणी शिकंज्यात दाबून असलं बनवणारे बहाद्दर असतात म्हणे. तिथं जुन्या आकड्याच्या खुणा कुठंतरी उरतात. भिंग झालं, मग सराफाचा काटा. बरोबर 9 ग्रॅम, जुन्या जाड पाचाचं असतं तेवढंच.

मग दर्जाची गोष्ट निघाली. शेल्डन नावाच्या अमेरिकनानं 1949 मध्ये तिकडच्या जुन्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी काढली. हिशोब रोकडा होता: 70 चं नाणं 1 च्या सत्तरपट किमतीचं. आज 60 पासून पुढं फक्त न वापरलेली नाणी. चुकलेल्या नाण्यात मात्र आधी चूक केवढी ते बघतात, झीज नंतर. माझ्या नाण्यात तर अख्खी बाजूच चुकलेली! मी मनातल्या मनात फ्रिज बदलला.

आणि नाणं देवघरात ठेवलं. इथं घात झाला. गुरुवारी आईनं देवाची भांडी काढली आणि चिंच-रांगोळीनं त्यांच्याबरोबर तेही घासलं. लखलखीत! मित्रानं भिंगाखाली धरलं, बारीक ओरखडे पाहिले आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "घासलंय." अशा नाण्याला आकडा मिळत नाही, नुसता 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. भाव पडतो तो पडतोच.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "मळकं नाणं देवापुढं ठेवतात व्हय?"

मामांना हा सगळा प्रकारच अजब वाटला. चादरी विणत तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. "आमच्यात मोराची मान तुटली की चादर सेकंडात, म्हणजे कमी दर्जाच्या मालात जाते. तुमच्यात चुकलं की भाव चढतो आणि धुतलं की उतरतो?" बुडालेल्या सिंहांवरून त्यांनी अंगठा फिरवला, कापडावरून फिरवतात तसाच, सावकाश. मग विचारलं, "हे ज्याच्या हातून झालं, त्याचा पगार कापला असेल का रे?"

त्यांच्या मांडीवर मोरांचीच चादर होती. सेकंडातली. मान कुठं तुटलीय ते मी बराच वेळ शोधत होतो.