बोलविता धनी

त्या सकाळी सरावाला सोळापैकी पाचच मुली आल्या. थंडी होती, पण थंडीला आमच्या मुली भीक घालत नाहीत. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नव्हतं. आलेल्या पाचांत ती होती. नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी येऊन पोलजवळ बुटाची लेस आवळत बसलेली.

माझा फोन मात्र पहाटेपासून वाजत होता.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, खो-खो शिकवतो. आमच्या भागात हा खेळ घराघरात माहीत आहे. सारिका काळे इथलीच. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर मुलींना मैदानावर पाठवा म्हणून मला दारोदार फिरावं लागलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं तो अंतिम सामना आम्ही सगळ्यांनी माझ्या एका मोबाईलवर पाहिला. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली, हे कळल्यावर पोरींनी किती वेळ टाळ्या वाजवल्या ते मला अजून आठवतं.

त्या सकाळी लेस आवळत बसलेल्या मुलीचं नाव मी लिहीत नाही. जेवढं व्हायचं तेवढं ते नाव फिरून झालंय. आई-बाप ऊसतोडीला जातात, सहा महिने ती आजीजवळ असते. सहावीत आली तेव्हा हातापायाच्या काड्या होत्या, पण हूल अशी द्यायची की मोठ्या मुली उलट्या दिशेला झेपावून तोंडावर पडायच्या. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, सराव मात्र आमच्याच मैदानावर करते. गेल्या मोसमात एका सामन्यात तिनं 3.10 मिनिटं संरक्षण केलं आणि वर चार गडी बाद केले. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यातून तिला पोलिसात जायचंय. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती.

आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या ठिकाणी तिचा सत्कार होता. राज्य स्पर्धेतल्या कामगिरीबद्दल शाल, श्रीफळ आणि अकरा हजारांचं पाकीट. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे व्यासपीठावर बसायला जागा नव्हती. नेते म्हणाले, आम्ही कायम खेळाडूंच्या पाठीशी उभे आहोत. मग निवेदकानं तिच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोल म्हणाला. ती बोलली ते असं:

"साहेब, सत्कार केला त्याबद्दल आभारी आहे. पण पंधरा दिवसांखाली आमच्या मैदानावर तुमची सभा झाली. त्यासाठी मुरूम टाकला, तो अजून तसाच आहे. मंडपाच्या खांबांचे खड्डे तसेच आहेत. परवा माझ्या मैत्रिणीचा पाय त्यात गेला आणि घोटा मुरगळला. मैदान आमचं होतं, सभा तुमची झाली. यंदा माझं पहिलं मत आहे. मत मागायला याल तेव्हा आधी ते खड्डे बुजवून या."

मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नेते हसले. पाकीट तिनं घेतलं, वाकून नमस्कारही केला. मला वाटलं, संपलं.

मुरूम म्हणजे काय ते खो-खो न खेळलेल्याला सांगायला हवं. मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन पोल, मधल्या पट्टीवर आठ मुली उकिडव्या बसलेल्या. पाठीवर थाप आणि 'खो' आला की त्याच बैठकीतून उसळायचं. पोलवर एक हात टेकवून अंग पुढे झोकून द्यायचं, ते थेट जमिनीवर. मोठे सामने आता मॅटवर होतात, आमच्याकडं माती आहे. ती माती आम्ही कमावलेली. नुसती काळी ठेवली तर वाळल्यावर भेगाळते, म्हणून पांढरी मिसळायची, चाळायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. दर दिवाळीच्या सुट्टीत मुली आणि मी हे करतो. त्यावर सात-आठ ट्रॅक्टर मुरूम पडला. त्यानंतरच्या आठवड्यात एकही मुलगी अशी नव्हती जिचा गुडघा किंवा कोपर सोललं नव्हतं.

रात्रीतून तिच्या बोलण्याचे तुकडे झाले. एका तुकड्यात फक्त "यंदा माझं पहिलं मत आहे, मत मागायला याल तेव्हा" एवढंच, पुढचं कापलेलं. खाली लिहिलं होतं, पोरीनं भर सभेत धमकी दिली. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी तोच तुकडा स्वतःच्या चिन्हासकट फिरवला, जणू ती त्यांची प्रचारक होती. खड्ड्यांचा उल्लेख दोन्हीकडं नव्हता. आमच्याकडं गेली दोन-तीन वर्षं माणसाचं आडनाव आधी वाचतात आणि म्हणणं नंतर, तेही वेळ उरला तर. तिचं आडनाव वाचून झाल्यावर जे लिहिलं गेलं ते एकोणीस वर्षांच्या मुलीनं वाचू नये असं होतं. तिनं सगळं वाचलं होतं. आणि जिथं तिथं एकच प्रश्न: हिचा बोलविता धनी कोण?

दहा वाजता संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. तिलाही घेऊन या म्हणाले. ती दाराशी उभी राहिली, मी आत. सभेला मैदान संस्थेनंच दिलं होतं, तेव्हा अडचण त्यांचीही होती. "सर, ती आता आपली विद्यार्थिनी नाही," ते म्हणाले. "तिला मैदानावर येऊ द्यायचं की नाही, हे मला ठरवावं लागेल. ठाण्यात अर्ज द्यायला लोक निघालेत. गुन्हा दाखल झाला तर पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला काय दाखवणार? माफीचं पत्र द्या आणि मिटवा. त्यात मैदान सुस्थितीत आहे असंही लिहा." मग माझ्याकडं रोखून बघत त्यांनी विचारलं, "हे हिला शिकवलं कोणी?"

मी म्हणालो, "माहीत नाही. पोरं मोबाईलवर काय काय बघतात."

हे मी म्हणालो. आणि मला पक्कं माहीत होतं की शिकवलं मीच होतं. "मैदान आमचं, सभा तुमची" हे वाक्य माझं आहे. मुरूम पडला त्या दिवसापासून रोज सकाळी खडे वेचताना मी ते पुटपुटत होतो, मुली ऐकत होत्या. आणि त्याच्याही आधीचं एक आहे. 2023 मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या होत्या, आणि डिसेंबरात साक्षी मलिकनं पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. तेव्हा हिनं मला विचारलं होतं, "सर, खेळाडूनं असं बोलावं का?" मी सगळ्या मुलींना गोल बसवून अर्धा तास बोललो होतो. खेळाडूनं बोललंच पाहिजे, नाही बोललं तर पदकाचा उपयोग काय, असं बरंच काही. ते भाषण तिनं मनापासून ऐकलं होतं. मी ते करून विसरलो होतो.

दारातून तिनं माझं उत्तर ऐकलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

पत्र मी लिहायला घेतलं. ती म्हणाली, माफी मागणार नाही. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला, सांगलीकडून, उसाच्या फडातून. मुकादमानं त्यांना स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. "सर, लोकं काय काय बोलायलेत," ते म्हणाले. "मुकादम त्यांच्याच गटाचा हाय. उचल फिटायची हाय अजून. लेकराला जरा समजावून सांगा." फोन स्पीकरवर होता. तिनं तो माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि म्हणाली, "लिहा सर."

मी लिहिलं. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे, माझा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, संस्थेचं मैदान सुस्थितीत आहे. तिनं वाचलं आणि माझ्याच पेनानं शेवटचं वाक्य खोडलं. "माफी मागते. पण खड्डे नाहीत असं मी लिहून देणार नाही." अध्यक्षांनी तो खोडलेला कागद बघितला, थोडा वेळ गप्प बसले आणि ठेवून घेतला. साक्षीदार म्हणून त्यावर माझी सही आहे. दुपारी त्याचा फोटो सगळीकडं फिरला. अर्ज कोणी दिला नाही.

संध्याकाळी ती मैदानावर आली. मी खडे वेचत होतो, तीही वेचायला बसली. आम्ही बोललो नाही. मग बाकीच्या मुली आल्या, आता अकराजणी होत्या. मी तुकड्या पाडल्या, शिट्टी वाजवली. पहिल्याच डावात ती मुरमावर घसरली, तळहात सोलला. उठून परत धावली. मला वेळ मोजायचं सुचलं नाही.

ती रात्र मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी माझ्या सहीचा अर्ज केला. मुरूम काढून मैदान पूर्ववत करावं, खड्डे बुजवावेत, यापुढे मैदान सभेला देऊ नये. शेवटी हेही लिहिलं की सत्काराच्या कार्यक्रमात खेळाडूनं जे म्हटलं तेच मी मुलींसमोर वारंवार म्हणत आलो आहे. एक प्रत संस्थेला दिली, एक नगरपालिकेला. दोन्हीकडं आवक क्रमांक टाकून पोच घेतली.

सराव संपल्यावर पोच तिला दाखवली. तिनं अर्ज पूर्ण वाचला, शिक्क्यावरची तारीख वाचली आणि कागद नीट घडी करून परत दिला.

"सर," ती म्हणाली, "सभेच्या आधी का नाही दिला?"