कर्नल पॅनिक, इनिटरामएफएस आणि डिस्कचा ड्रायव्हर: माझा अनुभव

उबंटूवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं आणि ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ या ओळीवर सगळं थांबलं. यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. ही ओळ दिसली की लोक डिस्क गेली असं धरून चालतात. मी आधी कंसातले आकडे बघतो. ०,० म्हणजे कर्नलला रूटसाठी (सगळी सिस्टीम जिच्यावर असते त्या मुख्य फाइलसिस्टीमसाठी) एकही डिव्हाइस सापडलेलं नाही. ८,१ असेल तर एसडीए नावाच्या डिस्कचं पहिलं पार्टिशन दिसतंय, पण त्यावरची फाइलसिस्टीम वाचता येत नाही. दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

इथे ०,० होतं. ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या) ॲडव्हान्स्ड मेनूतून आधीचा कर्नल निवडला तर मशीन व्यवस्थित सुरू झालं, म्हणजे डिस्क ठीक. डिस्कवरची जागा ‘डीएफ’ने बघितली तर बूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं आणि नव्या कर्नलची इनिटरामएफएस इमेज (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची छोटी फाइल) गायब. जुने कर्नल साचले की असं होतं. कधी इमेज असते, पण बाकी कर्नलच्या इमेजच्या मानाने फारच लहान. अर्धवट लिहिलेली असल्याने तीही कुचकामी.

जागा करायला फाइली ‘आरएम’ने उडवू नका. पॅकेज मॅनेजरच्या लेखी ते कर्नल तसेच राहतात. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते बघून बाकीचे जुने ‘ॲप्ट’ या पॅकेज मॅनेजरनेच काढा. मग ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ हवंच. इमेज नसताना बनलेल्या ग्रबच्या नोंदीत इनिटआरडीची, म्हणजे ती इमेज लोड करणारी, ओळच नसते, त्यामुळे इमेज बनवूनही पुन्हा तोच पॅनिक येतो.

तीच एनव्हीएमई (थेट पीसीआयईवर, म्हणजे बोर्डावरच्या वेगवान मार्गावर, बसणारी) डिस्क नव्या इंटेल बोर्डाला लावली तेव्हा पॅनिक नव्हता. इनिटरामएफएसचा प्रॉम्प्ट आला, वर ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ असा इशारा. यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक. तिथे कर्नलला दिसणाऱ्या डिस्कची यादी, ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’, रिकामी आली. यादीत डिस्क दिसली असती तर यूयूआयडी चुकला असं म्हणता आलं असतं. रिकामं म्हणजे ड्रायव्हरच नाही. बायोसमध्ये व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू होतं, आणि त्यामागची डिस्क ‘व्हीएमडी’ मॉड्यूलशिवाय, म्हणजे ड्रायव्हरशिवाय, दिसत नाही. इनिटरामएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स=डेप’ असल्यामुळे इमेजमध्ये फक्त जुन्या बोर्डापुरते ड्रायव्हर होते. व्हीएमडी तात्पुरतं बंद करून बूट केलं, ‘डेप’चं ‘मोस्ट’ केलं, मॉड्यूल्सच्या यादीत ‘व्हीएमडी’ लिहिलं आणि इमेज पुन्हा बनवली. रीस्टार्टआधी इमेजमधल्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसइनिटरामएफएस’च्या आउटपुटमध्ये ‘व्हीएमडी’ ग्रेप करून (शोधून) बघा, खेप वाचते. त्याच मशीनवर विंडोज असेल तर व्हीएमडीला हात लावताना जपून. तिकडे ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येऊ शकते.

चालत्या मशीनवर डिस्क नाहीशी होते तो प्रकार जास्त वैतागाचा. ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गेलेली, त्यामुळे जर्नलमध्ये (सिस्टीमच्या लॉगमध्ये) काहीच उरत नाही. मी नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवर पाठवणारं मॉड्यूल) लावून संदेश यूडीपी पोर्ट ६६६६ वर दुसऱ्या मशीनकडे पाठवतो. तिथे ‘कंट्रोलर इज डाउन’ आणि सीएसटीएसची (डिस्कच्या कंट्रोलरची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरची) किंमत सगळी एफ दिसली तर पीसीआयईवर डिस्क उत्तरच देत नाही. बऱ्याचदा दोष वीजबचतीचा असतो, म्हणून कर्नलच्या बूट ओळीत ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ आधी, तेवढ्याने भागलं नाही तर ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’. दोन्ही एकदम देऊ नका, कशाने फरक पडला ते कळत नाही. तरीही तीच ओळ आली तर डिस्क दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायची.