आठ जिंकलो, चोवीस हरलो

मार्च २०२५. परवा शनिवारी आमच्याकडे होळीच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. होळी गुरुवारीच होऊन गेली, पण अमेरिकेत आपले सण शनिवारीच येतात. बायको तव्यापाशी, मी टीव्हीसमोर. कॉलेज बास्केटबॉल, मेरीलँडविरुद्ध उपांत्य सामना, शेवटचे काही सेकंद, आमचं मिशिगन एका गुणाने मागे. मी उशी तोंडावर धरली, पण एक डोळा उघडा ठेवला. ट्रे डोनाल्डसनने चेंडू घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळत जाऊन बास्केटमध्ये टाकला. ८१-८०. घड्याळात ०.४ सेकंद शिल्लक. मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको उलथनं घेऊन धावत बाहेर आली. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच.

हे वेड कुठलं, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे कॉलेजच्या संघाची मॅच बघायला तास बुडवलेली वीस पोरं असतात. मिशिगन विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरमध्ये, कॉलेजचं फुटबॉल स्टेडियम एक लाखाच्या वर माणसं घेतं, आणि बास्केटबॉलच्या क्रिसलर सेंटरमध्येही बारा हजारांहून जास्त बसतात. २०१२मध्ये मी शिकायला इथे आलो, आणि पहिल्याच वर्षी आमचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून हरला. २०१८मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. तोवर विजेतेपद एकच, १९८९चं. तरीही त्या पहिल्या वर्षी जो नाद लागला, तो सुटला नाही. मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमवर घसा बसवून घरी येणारा पोरगा मी, मला नाद लागायला कितीसा वेळ लागणार!

मागचं वर्ष मात्र विसरण्यासारखं होतं, आणि विसरता येत नव्हतं. २०२३-२४च्या हंगामात ८ जिंकले, २४ हरले. मिशिगनच्या इतिहासात एका हंगामात एवढे सामने कधी हरले नव्हते. ऑफिसात आमच्या कट्टर वैऱ्यांचा, ओहायो स्टेटचा, एक चाहता आहे. तो आधी चिडवायचा, मग चिडवायचं थांबला. ते जास्त लागलं.

त्यात प्रशिक्षक घरचाच माणूस. जुवान हॉवर्ड १९९१च्या त्या प्रसिद्ध ‘फॅब फाइव्ह’पैकी एक. पहिल्या वर्षाची पाच पोरं सुरुवातीलाच मैदानात उतरतात आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामना गाठतात, ही कथा इथे लहान मुलांनाही पाठ. हॉवर्डने २०२१मध्ये चांगला संघ उभा केला होता. पुढे गाडी घसरत गेली, मध्येच त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि मार्च २०२४मध्ये त्याला काढलं. काढायला हवंच होतं, असं माझं मत. तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग नवा प्रशिक्षक आला, डस्टी मे. फ्लोरिडा अटलांटिक हे नाव मी २०२३पर्यंत ऐकलंही नव्हतं. त्या कॉलेजला यानेच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत नेलं होतं. इथे आल्यावर त्याने एका उन्हाळ्यात जवळजवळ नवाच संघ जमवला. आता खेळाडू हंगाम संपला की कॉलेज बदलू शकतात, त्यामुळे दरवर्षी बाजारच भरतो. व्लादिस्लाव गोल्डिन हा सात फूट एक इंची रशियन मेबरोबरच आला. डॅनी वुल्फ येलहून आला. तोही सात फुटी, आणि चेंडू नाचवतो मात्र एखाद्या बुटक्यासारखा! दोघं मिळून प्रतिस्पर्ध्याची अशी फसवाफसवी करतात की बघतच राहावं. डोनाल्डसन ऑबर्नहून आला. आणि रॉडी गेल? चक्क ओहायो स्टेटहून. म्हणजे दिलबहारचा गडी पाटाकडीलच्या जर्सीत.

सुरुवातीला मला हे पटलं नाही. ही भाड्याची पोरं आपली कशी? पण कोल्हापुरात पेठेच्या संघांत परदेशी खेळाडू आले, तेव्हा पहिल्या गोलनंतर त्यांनाही खांद्यावर घेतलंच की. आणि खरं सांगायचं तर मी तरी ॲन आर्बरचा कुठे होतो?

हिवाळ्यात संघ जिंकायला लागला, कितीदा तरी दोन-चार गुणांनी, जीव टांगणीला लावून. मग मार्चमध्ये साखळीतले शेवटचे तीन सामने ओळीने हरले. शेवटचा तर मिशिगन स्टेटकडून, तोही १७ गुणांनी. मी पिवळा स्वेटशर्ट घडी करून कपाटात टाकला. म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

तर शुक्रवारी पर्ड्यू, शनिवारी मेरीलँड, रविवारी विस्कॉन्सिन. इंडियानापोलिसला तीन दिवसांत तिघांना हरवून बिग टेनची, म्हणजे आमच्या कॉलेजांच्या गटाची, स्पर्धा जिंकली! आता हिशेब २५ विजय, ९ पराभव. स्वेटशर्ट परत बाहेर आलाय आणि त्यावर पुरणाचा डागही पडलाय. बायको धुवायला मागते, मी देत नाही.

गुरुवारी डेन्व्हरला राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना, सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी. आम्हाला पाचवं मानांकन, त्यांना बारावं. या पाच-बाराच्या जोडीत मोठे संघ हमखास पडतात, हे इथे शाळकरी पोरंही सांगतात. त्यामुळे मी कुणाशीच पैज लावलेली नाही. आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते दोन उंच पोरगे खेळणार आहेत न्हवं?”

खेळणार आहेत, म्हटलं.

“मग मॅच संपली की फोन कर. आमच्याकडं सकाळ असंल, मी चहा करून बसते.”