कोल्हापुरात संस्थानकाळच्या बंगल्यात राहायचंय? खोली कुठल्या इमारतीत आहे ते आधी लिहून घ्या

फोटोत सागवानी जिना होता, त्याच्या वळणावर रंगीत काचांची खिडकी होती आणि त्या खिडकीखाली आईला बसवून फोटो काढायचा एवढ्यासाठी मी हे हॉटेल निवडलं. पहिली रात्र काढली पार्किंगमागच्या नव्या इमारतीत. खोली जनरेटरला लागून, दार प्लायचं, खिडकी उघडली की समोर पाण्याची टाकी. रात्री दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा आई दचकून उठून बसली.

आईचं माहेर कोल्हापूरचं. लहानपणी रंकाळ्यावर फिरायला गेली की पाण्यापलीकडचा शालिनी पॅलेस लांबून बघायची. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा तो वाडा. पुढे तिथं हॉटेल झालं, तेव्हा आमची ऐपत नव्हती. म्हणून तिच्या पंच्याहत्तरीला मी ठरवलं की दोन रात्री तरी तिला राजेशाही काळातल्या वास्तूत न्यायचं. आम्ही राहिलो ते हॉटेल वेगळं, शहरातलाच एक जुना बंगला. नाव लिहीत नाही. मला भांडण वाढवायचं नाही, पुढच्यांची फसगत टाळायची आहे.

गोम अशी की बंगल्यात खोल्या फक्त सहा. बाकीच्या सगळ्या मागच्या नव्या इमारतीत. बुकिंगच्या वेळी मात्र सगळ्यांना एकच नाव, ‘हेरिटेज रूम’, आणि फोटो फक्त बंगल्याचे. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, अख्खी प्रॉपर्टीच हेरिटेज आहे." मी दीड तास वाद घातला. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी बंगल्यातली खोली रिकामी होतेय, तेव्हा देतो, इतपत कबूल झालं. बोलणं सगळं फोनवर झालेलं, हातात पुरावा काही नाही. म्हणून सांगतो, अ‍ॅपवर बुक करू नका आणि नुसत्या फोनवरच्या बोलण्यावरही राहू नका. थेट हॉटेलला फोन लावा आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच विचारा: खोली जुन्या बंगल्यात आहे का, कुठल्या मजल्यावर, खिडकी कुठल्या बाजूला. ‘हो’ असं लेखी आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. टाळाटाळ झाली तर खोली मागच्या इमारतीत आहे असं खुशाल समजा.

आता पैशाचं. खोलीचं भाडं ७२०० सांगितलं होतं. हॉटेलच्या खोलीला दिवसाला ७५०० पर्यंत जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के, आणि तोही वरच्या फरकावर नाही, पूर्ण रकमेवर. आम्ही तिघं, म्हणून जादा गादी घेतली, तिचे १५००. बिलात दोन्ही एकत्र धरून ८७०० झाले आणि त्यावर १८ टक्के म्हणजे १५६६. एका रात्रीचे १०,२६६! गादी घेतली नसती तर ७५६० मध्ये भागलं असतं. म्हणजे १५०० ची गादी आम्हाला २७०६ रुपयांना पडली. बुकिंग करताना हे कुणीही बोललं नाही. तेव्हा ‘भाडं किती’ असं विचारूच नका. ‘गादीसकट, करासकट, एका रात्रीचे एकूण किती’ असं विचारा आणि आकडा लिहून घ्या.

जेवणाच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता. तो आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. मी शांतपणे सांगितलं, कॅप्टनने काही न बोलता बिल बदलून आणलं. नसतं आणलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होतो. तसंही तिथं जेवू नका. तांबडा रस्सा टोमॅटोचा आणि गोडसर होता. आईने दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सरकवली. गावात चार पावलांवर साध्या खानावळीत खरा तांबडा-पांढरा मिळतो. नाश्त्याला कसबा बावड्याला जाऊन मिसळ खा.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बंगल्यात गेलो. लिफ्ट नाही. जिन्याच्या पायऱ्या २२, एकेक चांगली वीतभर उंच, वर कठडा एकाच बाजूला. खोलीच्या दाराला चार बोटांचा उंबरा आणि न्हाणीघरात जायला पुन्हा दोन पायऱ्या खाली. गुडघे धड असतील तर काही अडचण नाही. नसतील तर खालच्या मजल्याची खोली मागा, तशी एक आहे. आमच्या बॅगा घेऊन आलेले हॉटेलातले मामा आईला म्हणाले, "आक्का, भिंतीकडनं या, सावकाश. पायरी उंच हाय." बाकीचे तिला सकाळपासून ‘मॅडम’ म्हणत होते. आक्का म्हटल्यावर ती हसली आणि थांबत थांबत पूर्ण जिना चढली.

खोलीचं छत उंच, लाकडी तुळयांचं. दाराला आडवी पितळी कडी, ती सरकवली की खट्‌ असा जाड आवाज होतो. मला हा आवाज आजोळच्या दाराचा आठवतो. सकाळी सातच्या सुमारास जिन्यावरच्या काचांतून ऊन आत आलं. लाल आणि हिरवे चौकोन आधी भिंतीवर पडले, मग हळूहळू खाली उतरत आईच्या पांढऱ्या केसांवर आले. ती पायरीवर बसून चहा पीत होती. मी फोटो काढला. खरं सांगतो, आदल्या दिवशीची सगळी चीड तिथं गेली. या एका सकाळीसाठी मी पुन्हा १०,२६६ मोजेन. मागच्या इमारतीसाठी अडीच हजारही देणार नाही. तेवढ्यात स्टेशनजवळ स्वच्छ लॉज मिळतो.

गीझर लहान आहे, एकाची आंघोळ झाली की वीस मिनिटं थांबावं लागतं. डासांची वडी बरोबर न्या. रस्त्याकडच्या खिडकीची खोली घेऊ नका, पहाटेपासून वाहनं सुरू होतात.

फिरणं नेहमीचंच. नवा राजवाडा आतून पाहिला. मेजर मँट यांच्या आराखड्यावरचा हा वाडा १८७७ ते १८८४ मध्ये काळ्या दगडात बांधला. बंगला पाहण्याआधी तो बघा, म्हणजे जुनं काम डोळ्याला कळायला लागतं. आम्ही गेलो ते जानेवारीअखेरच्या किरणोत्सवात. मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईपर्यंत पोहोचतात तो क्षण बघायला प्रचंड गर्दी असते, आणि हॉटेलांचे भाव त्याच दिवसांत चढतात. फक्त बंगल्यासाठी जाणार असाल तर हे दिवस टाळा. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, समोर पिळलेलं धारोष्ण दूध फेसासकट पेल्यात देतात. आई दोन पेले प्यायली.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने येणार असाल तर गाडी सकाळी पोहोचते आणि खोली दोनशिवाय मिळत नाही. आम्ही आईला घेऊन लॉबीत पाच तास बसलो. आंघोळीपुरती खोली लवकर देणार का, आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का, हेही त्याच मेसेजमध्ये विचारून ठेवा.